शाळेचा संगणक घरून उघडताना : सिद्धगडाच्या वाटेने समजून घेऊया



निकालपत्रकाची फाईल शाळेच्या संगणकात राहिली आणि आपण घरी पोहोचलो, असं माझंही झालं. एका ओळखीच्यांनी उपाय सांगितला, "राऊटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडा, झालं काम!" मी ते केलं नाही. त्या संगणकात मुलांचे आधार क्रमांक आणि पालकांचे खाते क्रमांकही आहेत.

मुरबाड तालुक्यातला आपला सिद्धगड आठवा. आधी माची, तिथली वस्ती, मग बालेकिल्ल्याची अवघड चढण. माचीवर पोहोचलो म्हणजे बालेकिल्ला गाठला असं होत नाही. इथेही तसंच आहे.

१) फायरवॉल : दरवाजावरचा पहारेकरी. कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, हे नियमानुसार ठरवतो.

२) व्हीपीएन : इंटरनेटवरून जाणारी आपली बंदिस्त वाट. माहिती सांकेतिक रूपात जाते, म्हणून मधल्याला वाचता येत नाही.

३) रिमोट डेस्कटॉप : बालेकिल्ला. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर येतो. फाईल तिथेच राहते.

विंडोजचा रिमोट डेस्कटॉप सहसा ३३८९ या पोर्टवर असतो. हे जगाला ठाऊक आहे. तो थेट उघडा ठेवणं म्हणजे दार सताड उघडं टाकणं. मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजमधला 'ब्लूकीप' दोष उघड झाला. त्यातून पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती द्यावी लागली.

म्हणून क्रम पाळा : आधी व्हीपीएन, मग रिमोट डेस्कटॉप, मग स्वतःचं नाव आणि पासवर्ड.

जोडणी होत नसेल तर अडलं कुठे ते पाहा. व्हीपीएनच लागत नसेल, तर इंटरनेट किंवा वाटेतली फायरवॉल तपासा. व्हीपीएन लागलं पण पडदा दिसत नसेल, तर शाळेचा संगणक बंद आहे का, झोपी गेलाय का, त्याच्या फायरवॉलमध्ये परवानगी आहे का, ते बघा. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून असं शिरता येत नाही, प्रो लागते. कंटाळून फायरवॉल मात्र बंद करू नका.

पालकहो, हे तुमच्यासाठी. "अ‍ॅप टाका, कोड सांगा" असा अनोळखी फोन आला तर ठेवून द्या. एनीडेस्कमार्फत होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये सावध केलं होतं. फितुरीने दार आतूनच उघडलं, तर पहारा काय कामाचा? फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

स्वाध्याय : मुलांना गडाचं चित्र काढायला सांगा आणि विचारा, "पासवर्ड म्हणजे यातलं काय?"