बिडी सुटते कशी?



वंदना संपली की आपल्यापैकी कितीतरी जण विहाराबाहेर येऊन बिडी पेटवतात. विचारले तर म्हणतात, "पाचव्या शीलात दारू आहे, बिडी कुठे आहे?" मीही तेरा वर्षे हेच म्हणत होतो. वर्गात आरोग्याचा धडा शिकवायचा आणि मधल्या सुट्टीत भिंतीआड बिडी ओढायची! एके दिवशी माझ्या पाच वर्षांच्या लेकीने खडूचा तुकडा ओठांत धरून धूर सोडल्याचे सोंग केले. मी न शिकवलेला धडा ती माझ्याकडूनच शिकली होती.

शीलात बिडीचे नाव नाही, हे खरे. पण ते शील प्रमादापासून दूर राहण्यास सांगते. जी वस्तू मिळाली नाही की माणूस कासावीस होतो, घरच्यांवर खेकसतो, ती त्याची मालकीण झाली. जुनी गुलामी झुगारणाऱ्याने ही नवी का सोसावी?

आता शरीराचे पाहू. तंबाखूतील निकोटीन धुराबरोबर काही सेकंदांत मेंदूत पोचते, म्हणून सवय घट्ट बसते. बिडी सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड होते, झोप उडते. दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचा त्रास ओसरतो. लाभ मात्र लगेच सुरू होतो. 20 मिनिटांत नाडीचे ठोके उतरू लागतात. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्मा होतो.

म्हणून असे करा :

1. दिवस ठरवा आणि घरात सांगा. बंडल व काडेपेटी खिशातून काढून टाका.

2. तलफ आली की तिच्याकडे नीट पाहा. तीही अनित्य आहे. उठते, वाढते आणि काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, चार पावले चाला. जन्मभराची चिंता करू नका, ही एकच तलफ जाऊ द्या.

3. चहाबरोबर बिडी लागत असेल तर काही दिवस चहाची जागा आणि सोबत बदला.

4. एकट्याने जमत नसेल तर डॉक्टरांना विचारा. 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

पहिल्या खेपेस अकराव्या दिवशी, एका मयतीच्या ठिकाणी, मी पुन्हा बिडी ओढली. लाज वाटली. मग उमगले की शील मोडले म्हणून आपण ते टाकून देत नाही. पुन्हा ग्रहण करतो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजू लागलो. तुम्हीही मोजा.

जयभीम!