त्रिस्तरावरून एकस्तराकडे : सोलापूरची हद्दवाढ

बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव ही नावे आज सोलापूर शहरातील वस्त्यांची नावे म्हणून परिचित आहेत. 1992 पर्यंत ती शहरालगतच्या गावांची नावे होती. सोलापूरची नगरपालिका 1852 सालची असून तिचे रूपांतर 1 मे 1964 रोजी महानगरपालिकेत झाले. या एकशे चाळीस वर्षांत नगरसंस्थेकडे जेवढे क्षेत्र आले, त्याच्या चौपटीहून अधिक क्षेत्र मे 1992 मधील हद्दवाढीने तिच्याकडे एकदम सोपविले गेले. सुमारे 33 चौरस किलोमीटरचे शहर 178.57 चौरस किलोमीटरचे झाले. त्यानंतर तीन दशके लोटली, तरी हा परिसर ‘हद्दवाढ भाग’ याच नावाने ओळखला जातो. एकीकरण कागदावर एका दिवसात होते, प्रत्यक्षात होण्यास किती काळ लागतो, याची कल्पना या नावावरून यावी.

अशा समावेशनाने प्रशासनाच्या रचनेत नेमका कोणता बदल होतो, हे प्रथम पाहावयास हवे. महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून ग्रामीण भागासाठी त्रिस्तरीय पंचायत राज्य पद्धती अस्तित्वात आली. गावाचा दिवा, गटार व पिण्याचे पाणी ग्रामपंचायतीकडे. गटपातळीवरील विकासकामे पंचायत समितीकडे. शाळा, दवाखाना व जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, अशी ढोबळ विभागणी तिच्यात आहे. गाव महानगरपालिकेत गेले की हे तिन्ही स्तर त्या गावापुरते संपुष्टात येतात आणि त्यांच्या जागी एकच संस्था उभी राहते. गावकऱ्याला तीन दारे होती, तेथे एकच दार उरते.

एका दाराचा लाभ उघड आहे. शहराच्या कडेला घरे वाढत असतात, पण रस्त्याचा अर्धा भाग ग्रामपंचायतीचा व अर्धा शहराचा असल्याने गटार सीमेपाशी येऊन थांबते. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यांनी तुकडे पडून रेखांकनाशिवाय वसाहती उभ्या राहतात. अशी कामे नियमित करण्यासाठी शासनाला 2001 मध्ये गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. सांडपाणी, जलवाहिनी व विकास आराखडा यांचे नियोजन सलग क्षेत्रासाठीच करता येते. लहान ग्रामपंचायतीला तेवढी तांत्रिक यंत्रणा व निधी उभा करणे शक्य नसते. म्हणून हद्दवाढीचा विचार मुळात चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही.

परंतु जबाबदारी एकवटली म्हणजे क्षमताही आपोआप वाढली, असे होत नाही. सोलापूरला पाणी टाकळी येथील भीमेच्या उद्भवातून, हिप्परग्याच्या तलावातून आणि शंभर किलोमीटरहून दूरच्या उजनी धरणातून आणावे लागते. शहरातील नळांना अनेक वर्षे काही दिवसांआड पाणी येत राहिले. सोरेगावसारख्या ठिकाणी शहराचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. पण जवळ केंद्र असणे आणि घरात नळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाचपट क्षेत्रात वाहिन्या टाकण्याचा खर्च लोकसंख्येवर नव्हे, अंतरावर ठरतो, आणि विरळ वस्तीतून येणारा कर मात्र तोकडाच असतो. हद्दवाढ भागातील तक्रारींचे मूळ बहुतांशी या विषम गणितात आहे.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात आणि सदस्याचे घर कोणालाही ठाऊक असते. सोलापूर महानगरपालिकेत 2017 च्या निवडणुकीत 26 प्रभागांतून 102 सदस्य निवडले गेले. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 9,51,558 होती. म्हणजे एका सदस्यामागे नऊ हजारांवर माणसे येतात. शिवाय प्रभाग बहुसदस्यीय असल्याने गटार तुंबले तर चौघांपैकी कोणाला विचारावे, हेही नागरिकास कळत नाही. ग्रामसभा तर संपतेच. तिला घटनेत स्थान देणारी 73 वी दुरुस्ती एप्रिल 1993 मध्ये अमलात आली. तोवर ही गावे शहरात जाऊन वर्ष होत आले होते. महानगरपालिकेच्या कायद्यात प्रभाग समिती व क्षेत्रसभा यांची तरतूद आहे. ग्रामसभेची उणीव काही अंशी तरी भरून निघावयाची असेल, तर ती त्यांच्याच द्वारे. मात्र क्षेत्रसभेची नोटीस आपल्या दारी आल्याचे किती नागरिकांना आठवत असेल, याची शंका वाटते.

एकस्तरीय रचनेचा आणखी एक धोका 2022 नंतर दिसून आला. मार्च 2022 मध्ये महानगरपालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्याच सुमारास जिल्हा परिषदेवरही प्रशासक आले. पण ग्रामीण भागात तिसरा स्तर शिल्लक होता, गावात सरपंच होता. हद्दवाढ भागातील रहिवाशास निवडून दिलेला असा स्थानिक संस्थेचा एकही प्रतिनिधी त्या काळात नव्हता.

कराच्या बाबतीत पुणे शहराचे उदाहरण बोलके आहे. 2017 मध्ये तेथे 11 गावे समाविष्ट झाली. समाविष्ट गावांत मालमत्ता कर टप्प्याटप्प्याने वाढविण्याची पद्धत असूनही कराचा बोजा व सुविधांची उणीव यांवरून असंतोष वाढला आणि त्यांपैकी फुरसुंगी व उरुळी देवाची या गावांसाठी 2024 मध्ये स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. कल्याण-डोंबिवलीतील 27 गावे तर 2002 मध्ये बाहेर पडून 2015 मध्ये पुन्हा आत आली. प्रत्येक फेरीत दप्तर, कर्मचारी व अर्धवट कामे यांची नव्याने वाटणी करावी लागते.

हद्दवाढीच्या वाटेवर असलेल्या ग्रामपंचायतीने म्हणूनच हस्तांतरणाची तयारी अधिसूचनेची वाट न पाहता करावी. नमुना 8 ची आकारणी नोंदवही अद्ययावत असेल तर नव्या करआकारणीस विश्वसनीय आधार मिळतो. नसेल तर पहिली काही वर्षे हरकतींतच जातात. गायरान, स्मशानभूमी, सार्वजनिक विहिरी, पाणंद रस्ते व शाळेची जागा यांच्या चतुःसीमांसह याद्या ग्रामसभेपुढे वाचून मंजूर करून घ्याव्यात. ग्रामपंचायतीचे कर्मचारी, त्यांची सेवापुस्तके व थकीत वेतन यांची नोंद त्याच यादीसोबत जोडावी, कारण बरखास्त झालेल्या संस्थेच्या वतीने नंतर खुलासा करण्यास कोणीही उरत नाही.