लेकरू उशिरा बोलतंय? थांबू नका : हिंगोलीहून परदेशी आलेल्या घरांसाठी

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ. १ मे १९९९ला परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची पोरं आता पुण्या-हैदराबादच्या वाटेने न्यू जर्सी, टेक्सास, लंडन, टोरांटो, मेलबर्नपर्यंत पोचली आहेत. त्यांच्यातल्या काही घरांत असं लेकरू आहे, ज्याने मान उशिरा धरली, जे दोन वर्षांचं होऊनही शब्द जोडत नाही, किंवा नावाने हाक मारली तरी वळून बघत नाही. अशी लेकरं वाढवत परदेशात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना विचारलं, की नव्याने येणाऱ्याला तुम्ही काय सांगाल? त्यांनी जे सांगितलं ते इथे एकत्र केलं आहे. जवळजवळ सगळ्यांनी सुरुवात एकाच गोष्टीने केली : थांबू नका.

थांबायला लावणारं वाक्य प्रत्येक घरात ठरलेलं असतं. “त्याचा बाप तरी कुठं लवकर बोलला होता?” हे वाक्य प्रेमापोटीच येतं, आणि काही लेकरं खरोखरच उशिरा का होईना, आपली आपण बोलू लागतात. पण कोणतं लेकरू त्यातलं आहे, हे घरात बसून ओळखता येत नाही. तपासणी करून काही निघालं नाही तर काहीच बिघडत नाही. काही निघालं आणि वर्ष वाया गेलेलं असलं, तर पहिल्या तीन वर्षांतलं ते वर्ष फार महागात पडतं, कारण मेंदूची घडण याच काळात सर्वांत वेगाने होत असते. औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलायचा तर जरूर बोला. तपासणीसाठीचा फोनही त्याच आठवड्यात करा.

कशावर लक्ष ठेवायचं? नऊ महिन्यांच्या आसपास नावाने हाक मारली की लेकराने बघायला हवं. दीड वर्षापर्यंत आधाराशिवाय चालायला हवं, आणि काही आवडलं की तुम्हाला दाखवायला बोट करायला हवं. चांदोबा दिसला की बोट जातं का, हे आपल्या घरात सहज कळतं. दोन वर्षांपर्यंत “दूध दे”, “बाबा ये” असे दोन शब्द जुळायला हवेत. आणि येत असलेली गोष्ट बंद पडली, म्हणजे चार शब्द बोलणारं लेकरू गप्प झालं, तर एक दिवसही थांबू नका. लेकरू दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत वयातून तेवढे आठवडे वजा करून हिशेब करावा.

निघण्याआधीची कागदपत्रं

परदेशातल्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत जन्माची हकीकत हवी असते, आणि नेमके तेच कागद हिंगोलीच्या घरात लोखंडी कपाटात राहिलेले असतात. प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, जन्माचं वजन, बाळ लगेच रडलं की नाही याची नोंद, नवजात अतिदक्षता कक्षात ठेवलं असेल तर तिथला सारांश, कावीळ किंवा झटके आले असतील तर त्याचे कागद, आणि अंगणवाडीतलं माता-बाल संरक्षण कार्ड, हे सगळं सोबत आणा. या कार्डावर लसींबरोबर वाढीचा आलेखही असतो. नांदेड किंवा हैदराबादला काही तपासण्या झाल्या असतील तर नुसता निष्कर्ष आणू नका, पूर्ण अहवाल आणा. लेकराचे छोटे व्हिडिओही जपून ठेवा : कधी बसलं, कधी रांगलं, पहिल्या वाढदिवसाला काय करत होतं. आठवणीपेक्षा व्हिडिओ जास्त खरं बोलतो, हे इथे अनेक आईबापांना तज्ज्ञांसमोर बसल्यावर कळलं.

एक तपासणी मात्र कुठेही असलात तरी सगळ्यात आधी करून घ्या : कानांची. अमेरिकेत जन्मलेल्या बाळाची श्रवणचाचणी बहुधा रुग्णालयातच होते. आपल्याकडे जन्मलेल्या बऱ्याच बाळांची होत नाही. दार आपटलं की दचकतं, म्हणजे ऐकू येतं, असं समजू नका. बेरा चाचणी करून घ्या. बोलत नाही म्हणून महिनोन्‌महिने स्पीच थेरपी चाललेली आणि लेकराला ऐकूच कमी येतंय, असं व्हायला नको.

अमेरिकेत

तीन वर्षांखालच्या लेकरासाठी इथे जी सेवा आहे तिला अर्ली इंटरव्हेन्शन म्हणतात. राज्यागणिक नाव बदलतं : कॅलिफोर्नियात अर्ली स्टार्ट, मिशिगनमध्ये अर्ली ऑन, कनेक्टिकटमध्ये बर्थ टू थ्री, टेक्सासात ईसीआय. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. आई किंवा बाप स्वतः फोन करून “माझ्या मुलाच्या वाढीबद्दल मला काळजी वाटते, तपासणी हवी आहे” एवढं सांगू शकतात. त्या दिवसापासून ४५ दिवसांत तपासणी आणि पात्र ठरल्यास कुटुंबासाठीच्या सेवा-आराखड्याची पहिली बैठक व्हावी, असा केंद्रीय कायद्याचा दंडक आहे. म्हणून फोनची तारीख वहीत लिहून ठेवा. तपासणीचे पैसे पडत नाहीत. थेरपीसाठी काही राज्यं उत्पन्न पाहून थोडी रक्कम घेतात. लेकरू एच-४ व्हिसावर आहे म्हणून ही सेवा नाकारली जात नाही. या एका भीतीपोटी कितीतरी घरांनी महिनेच्या महिने फोन केला नाही, असं स्थिरावलेली मंडळी कळवळून सांगतात.

बालरोगतज्ज्ञाकडे ९, १८ आणि ३० महिन्यांच्या भेटीत वाढीची प्रश्नावली भरून घेतात, आणि ऑटिझमसाठी वेगळी १८ व २४ महिन्यांना. ही प्रश्नावली म्हणजे परीक्षेचा पेपर नाही. आपलं लेकरू मागे दिसू नये म्हणून “हो” लिहू नका. येत नसेल तर “नाही” लिहा, त्या “नाही”वरच पुढची मदत उभी राहते. एक उलटी अडचणही ध्यानात ठेवा. “चमच्याने स्वतः खातं का?” असं विचारतात. आपल्याकडे तीन-चार वर्षांपर्यंत आई-आजी वरणभात कालवून भरवतात, चमचा हातात दिलेलाच नसतो. तेव्हा “येत नाही” आणि “कधी करूच दिलं नाही” यातला फरक तपासणाऱ्या बाईंना स्पष्ट सांगा.

शब्दांचंही तसंच. मम, भूभू, माऊ, चिऊ, आबा हे सगळे शब्दच आहेत. मराठी आणि इंग्रजी दोन्ही मिळून मोजायचे. तपासणीच्या आधी आठवडाभर स्वयंपाकघरात एक कागद लावून ठेवा आणि ऐकू येईल तो शब्द अर्थासह लिहीत जा. लेकराची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत व्हावी, तेवढं शक्य नसेल तर दुभाष्या असावा, ही मागणी करण्याचा तुम्हाला हक्क आहे. मराठीचा दुभाष्या मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच फोनमध्ये सांगा. हिंदीवर भागवून घेऊ नका.

आता मराठीबद्दल, कारण सगळ्यात जास्त अश्रू याच मुद्द्यावर निघाले आहेत. “घरी फक्त इंग्रजी बोला, मुलाचा गोंधळ होतोय” असं शाळेतलं किंवा शेजारचं कुणीतरी सांगतं, आणि आईबाप लगेच मराठी बंद करतात. दोन भाषांमुळे वाढीतला विलंब निर्माण होत नाही. ऑटिझम असलेल्या मुलांतही दुसरी भाषा नुकसान करते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट आईला जी भाषा सहज येते तीच तोडली, तर लेकराशी होणारं बोलणंच आटतं. तुटक इंग्रजीतल्या दहा सूचनांपेक्षा आंघोळ घालताना केलेल्या मराठी गप्पा लेकराला जास्त देतात. थेरपिस्टने शिकवलेलं तंत्र मराठीत वापरा, आणि तसं करणार असल्याचं तिला सांगून ठेवा.

अर्ली इंटरव्हेन्शनची थेरपिस्ट बहुतेक वेळा घरी येते, तासभर बसते आणि जाते. ती गेल्यावरचा आठवडा तुमचा असतो. नवीन कुटुंबं हा तास ट्यूशनसारखा समजून आतल्या खोलीत जातात. तसं करू नका. शेजारी बसा, ती काय करते ते बघा, तुमच्या घरात ते कसं जमेल ते विचारा. पोळी लाटताना लेकराच्या हातात कणकेचा गोळा देणं, पायरीवर “एक, दोन” म्हणत थांबणं, आवडीची डबी उघडायला त्याने मागेपर्यंत वाट पाहणं, हीच खरी थेरपी. ऑटिझमच्या मुलांसाठी आठवड्याला बरेच तास एबीए (वर्तनावर आधारित थेरपी) सुचवलं जातं. काही घरांना त्याचा फायदा झाला, काहींना ते जड गेलं. माझं मत असं, की लेकरू रोज रडत असेल आणि “का रडतंय” याचं उत्तर तुम्हाला मिळत नसेल, तर ते ठिकाण बदला. बाहेर बसून राहा आणि दार बंद ठेवू द्या, असं सांगणाऱ्यावर विश्वास टाकू नका.

तिसरा वाढदिवस हा मोठा वळणाचा दिवस. त्या दिवसापासून जबाबदारी स्थानिक शाळा-विभागाकडे जाते. त्याच्या किमान ९० दिवस आधी हस्तांतराची बैठक व्हायला हवी. तुम्ही आलात तेव्हाच लेकरू तीन वर्षांचं व्हायला महिना उरला असेल, तर थेट शाळा-विभागालाच लिहा. पत्र चार ओळींचं पुरतं : मुलाचं नाव, जन्मतारीख, काळजीची दोन-तीन ठळक कारणं, आणि “विशेष शिक्षणासाठी संपूर्ण तपासणी करावी ही माझी विनंती”. तारीख घाला, ईमेलने पाठवा, प्रत ठेवा. शाळेच्या दारात तोंडी बोललेलं कुठेच नोंदलं जात नाही.

मग येतो आयईपी, म्हणजे तुमच्या मुलासाठीचा लेखी करार. १९७५च्या कायद्यातून आलेला हा हक्क ३ ते २१ वयापर्यंत आहे आणि त्याला फी नाही. बैठकीत सहा-सात माणसं एका बाजूला आणि तुम्ही दोघं एका बाजूला बसता. आपल्याकडे गुरुजींसमोर उलट बोलायची सवय नसते, म्हणून समोर ठेवलेल्या कागदावर सही होऊन जाते. कागद घरी नेऊन वाचायला मागा, त्यात कुणी रागावत नाही. “मुलगा प्रगती करेल” असं लिहिलं असेल तर विचारा : किती, कधीपर्यंत, कोण मोजणार? स्पीचची मिनिटं आठवड्याला किती, एकट्याला की गटात, हे लिहून घ्या. सोबत एखादा अनुभवी मराठी पालक नेता येतो. प्रत्येक राज्यात पालकांना विनामूल्य मार्गदर्शन करणारं केंद्र आहे, बैठकीआधी त्यांच्याशी बोला.

पैशाची एकच गोष्ट सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. ऑटिझमच्या उपचारांना विम्यात जागा देणारे कायदे सर्व ५० राज्यांत आहेत, पण कंपनी स्वतःच्या पैशातून चालवते त्या सेल्फ-फंडेड योजनांना राज्याचा हा कायदा बंधनकारक नसतो. नोकरी स्वीकारण्याआधी एचआरला तेवढं विचारा.

इतर देश

इंग्लंडमध्ये दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास हेल्थ व्हिजिटर लेकराची पाहणी करते, तिला मोकळेपणाने सांगा. पुढे ईएचसीपी नावाचा शिक्षण, आरोग्य आणि देखभालीचा आराखडा वयाच्या २५ वर्षांपर्यंत चालू शकतो. पालक स्वतः कौन्सिलकडे अर्ज करू शकतात आणि सगळी प्रक्रिया २० आठवड्यांत संपायला हवी. शाळेतली ही मदत व्हिसावरच्या मुलालाही मिळते. डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स मात्र सरकारी निधीत मोडतो. तुमच्या व्हिसावर सरकारी निधीला मनाई असेल तर त्याला हात लावू नका.

ऑस्ट्रेलियाची एनडीआयएस ही दिव्यांग विमा योजना चांगली आहे, पण ती नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी. तात्पुरत्या व्हिसावर थेरपीचा खर्च स्वतःच्या खिशातून जातो. शिवाय कायम वास्तव्याच्या अर्जात आरोग्याची अट असते आणि घरातल्या एका लेकरावरून सगळ्यांचा अर्ज अडू शकतो. जाण्याआधीच इमिग्रेशन वकिलाशी बोला. निदान लपवून अर्ज करण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. कॅनडाने २०१८ मध्ये आपली अशीच अट सैल केली आणि अर्जदारावर होणाऱ्या सरकारी खर्चाच्या हिशेबातून विशेष शिक्षणाचा खर्च काढला.

आजी-आजोबा, आणि हिंगोलीतलं भाचरू

आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांना थेरपीच्या तासाला शेजारी बसवा. एकदा डोळ्यांनी पाहिलं की “लेकराला डॉक्टरांच्या नादी लावलं” हे बोलणं थांबतं, आणि घरात आणखी दोन हात तयार होतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे आठ म्हणजे हिंगोलीत संध्याकाळचे साडेपाच. रोज त्या वेळी आजीशी दहा मिनिटं व्हिडिओवर ‘बुवा कुक’ खेळणं कुठल्याही सत्राइतकं मोलाचं आहे.

सुट्टीत गावी गेल्यावर नातेवाईक खात्रीचा इलाज सुचवतात. मोठ्या शहरांत ऑटिझमवर स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये घेतले जातात. त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि धोका खरा आहे. ते पैसे वाचवा.

त्यातले थोडे गावातच लागतील. कारण इथे चार गोष्टी शिकलात की सेनगावच्या एखाद्या वाडीवरून चुलतबहिणीचा फोन येतोच : आमचं पण असंच आहे, काय करू? तिला सांगा, की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला, आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधला वाढीचा विलंब शोधणं हे त्याच्या चार कामांपैकी एक आहे. पथकाची वाट न बघता आशाताईंकडून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयात जाता येतं. तिथे डीईआयसी, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्र, आहे का ते विचारावं. कानांसाठी, बोलण्यासाठी, हातापायांच्या व्यायामासाठी या केंद्रांची रचना आहे आणि सेवा मोफत आहे. मोठी तपासणी हवी तर सिकंदराबादची राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्था नांदेडहून रेल्वेने गाठता येते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सी त्यात येतात. यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र काढायला सांगा, आणि या दोन्हींसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची.

केंद्र मोफत असलं तरी तिथे पोचणं मोफत नसतं. आठवड्याला एक फेरी म्हणजे दोन माणसांचं एसटीचं भाडं आणि हळद काढणीच्या दिवसांत एक बुडालेली मजुरी. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर जाणं बंद होतं ते याच कारणाने, आई निष्काळजी असते म्हणून नव्हे. तेव्हा महिन्याचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी पाठवा, आणि थेरपिस्टकडून महिनाभराचा घरचा व्यायाम मोबाइलवर चित्रित करून घ्यायला सांगा. दर रविवारी फोन करून तो व्हिडिओ सोबत बघा, आणि या आठवड्यात लेकराने नवं काय केलं ते तिला विचारा.