सुवर्णपदकातील सोने

ऑलिंपिकच्या सुवर्णपदकात सोने किती, असे वर्गात विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘सगळेच’ असे येते. वस्तुस्थिती निराळी आहे. निव्वळ सोन्याची पदके १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शेवटची दिली गेली. त्यानंतरचे सुवर्णपदक म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदी. २०२१ मध्ये टोकिओला दिलेले पदक सुमारे ५५६ ग्रॅमचे. त्यात सोने सहा ग्रॅमांहून थोडे अधिक, बाकी चांदी. तेथील कांस्यपदक तर ९५ टक्के तांबे व ५ टक्के जस्त यांचे, म्हणजे आपल्या तांबटाच्या हिशेबी पितळच!

असे पदक कोणी विकावयास आणले तर ते पारखावे कसे? सराफ ते कसोटीवर घासून पाहील. पण कसोटी पृष्ठभागाचीच साक्ष देते, शिवाय पदकावर ओरखडा उमटतो तो वेगळाच. क्ष-किरणांचे यंत्र पदकाला इजा करीत नाही. मात्र तेही वरच्या थरापुरतेच पाहते. आत तांबे घालून वर जाड मुलामा चढविला, तर दोन्ही परीक्षा फसण्याचा संभव आहे.

येथे आर्किमिडीज उपयोगी पडतो. सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची सुमारे ८.९. टोकिओच्या पदकातील ५५० ग्रॅम चांदी ५२.४ घन सेंटिमीटर जागा व्यापते, सोने जेमतेम ०.३. तेव्हा दोऱ्याने टांगून पाण्यात बुडविलेले पदक सुमारे ५०३ ग्रॅम भरले पाहिजे. तांब्याचे तेवढ्याच वजनाचे पदक ४९४ च्या आसपास भरेल. हा नऊ ग्रॅमांचा फरक आपल्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेतील तराजूही सहज दाखवील. शिवाय तांब्याचे पदक वजनात जुळवले तर आकाराने मोठे होते, आकारात जुळवले तर हलके भरते. लबाडाची पंचाईत होते ती इथे.

त्याने चांदीच वापरली तर? मग भिंग घ्यावे. अस्सल पदकावरील चित्र ठशाखाली दाबून उठविलेले असते. नक्कल बहुधा अस्सलावरून साचा घेऊन ओततात. ओतीव धातू थंड होताना आकसतो, म्हणून व्यास किंचित कमी भरतो, अक्षरांच्या कडा बोथट दिसतात, बारीक छिद्रेही राहतात. टोकिओच्या पदकाच्या कडेवर क्रीडाप्रकाराचे नाव कोरलेले असते. विक्रेता ज्या खेळाडूचे नाव सांगतो त्याच्या निकालाशी ते ताडून पाहावे.

एवढे जुळले तरी ते पदक विजेत्याच्या घरून विक्रेत्याच्या हाती कसे आले, याचा कागद मागावाच. चोरीचे पदक या सर्व परीक्षांत अस्सलच उतरते.