पाठ दुखत नाही, तरी मूत्रपिंडाचा विकार?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, बरीच वर्षे मधुमेह. लघवीला फेस येतो, संध्याकाळी पाय सुजतात. पाठ मात्र दुखत नाही. मूत्रपिंडे बिघडली असतील का? – एक वाचक, भिंगार

उत्तर : शक्यता आहे, तपासणी टाळू नये. पाठदुखीची वाट पाहण्यात अनेकांचा वेळ जातो; दीर्घकालीन मूत्रपिंडविकार सहसा दुखतच नाही. लघवीतून प्रथिने जाऊ लागली की फेस टिकून राहतो. सूज, रात्री वारंवार लघवी, थकवा, खाज, मळमळ ही लक्षणे बहुधा पुढच्या टप्प्यातली. सूज हृदय किंवा यकृतामुळेही येते, म्हणून नुसत्या अंदाजावर थांबू नये.

 

तपासण्या साध्याच आहेत: रक्तातील क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, शिवाय रक्तदाब. ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली, किंवा गुणोत्तर तेवढाच काळ ३० किंवा त्याहून जास्त, तर निदान पक्के होते. नुसते क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आले म्हणून खूश होऊ नये. मधुमेहींनी या तपासण्या दरवर्षी कराव्यात.

गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि घटक माहीत नसलेली भस्मे वडिलांनी तूर्त बंद ठेवावीत. मधुमेह-रक्तदाबाची औषधे मात्र स्वतःहून थांबवू नयेत. दम लागला किंवा लघवी एकदम कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.