सर्जन ‘कॉन्फरन्सला गेलेत’ म्हणजे नक्की कुठे?

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ६८. त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. आमच्या गावात दुर्बिणीतून ऑपरेशन करणारे एकच सर्जन आहेत. तारीख ठरली, आम्ही पुण्याहून बहिणीला बोलावून घेतलं, आणि दोन दिवस आधी सिस्टरचा फोन आला : ‘सर कॉन्फरन्सला चाललेत, ऑपरेशन चार दिवस पुढे जाईल.’ गेल्या पावसाळ्यातही सर असेच गेले होते. वीस वर्षं ऑपरेशन करणाऱ्या माणसाला आता कोण काय शिकवणार? की औषध कंपन्यांच्या पैशाने फिरून येणं असतं हे? आणि तिथे काही नवीन शिकलेच, तर त्याचा पहिला प्रयोग आमच्यावर होणार का?
(एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : तीन प्रश्न विचारलेत आणि त्यातला तिसरा हळूच शेवटी सरकवलात. खरा प्रश्न तोच आहे. पण आधीचे दोन उरकून घेऊ.

मी स्वतः सर्जन. तीस वर्षं तालुक्याच्या गावी हॉस्पिटल चालवलं. ‘सर कॉन्फरन्सला गेलेत’ हा निरोप माझ्याही सिस्टरने कितीतरी घरी दिला असेल. ऐकणाऱ्याच्या कानाला तो कसा लागतो, ते तुमचं पत्र वाचून कळलं.

शिकत राहायची सक्ती आहे. डॉक्टरांसाठी २००२ साली जी आचारसंहिता आली, तिच्यात दर पाच वर्षांत किमान ३० तास अशा शिक्षणाला हजर राहावं असं लिहिलंय. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं, तर या हजेरीचे क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. पाच वर्षांत तीस तास, म्हणजे वर्षाला सहा. एका रविवारच्या क्रिकेट मॅचला याहून जास्त वेळ लागतो! तेव्हा तुमचे सर वर्षातून दोनदा जात असतील, तर नुसत्या पॉइंटांसाठी जात नाहीत हे नक्की. पॉइंट गावाजवळच्या एखाद्या रविवारच्या कार्यक्रमातही मिळतात, जेवणासकट.

मोठी जत्रा म्हणजे असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडियाची वार्षिक परिषद, तिला आम्ही ॲसिकॉन म्हणतो. संस्था १९३८ सालची. महाराष्ट्र शाखेची ती मॅसिकॉन. तिथे काय असतं? गळ्यात बिल्ला, खांद्याला आयोजकांनी दिलेली बॅग, एका वेळी चार-पाच हॉलमध्ये भाषणं, बाहेर टाके, जाळ्या आणि स्टेपलर विकणाऱ्यांचे स्टॉल. दुपारी गुलाबजाम झाल्यावर हॉलमध्ये दिवे मंद होतात, पडद्यावर कोणाचं तरी यकृत झळकत असतं आणि तिसऱ्या रांगेत एखादे नामवंत प्राध्यापक शांत झोपलेले असतात. मीही झोपलोय. जुने वर्गमित्र भेटतात, कोणाच्या मुलाला कुठे ॲडमिशन मिळाली ते कळतं. यातलं काही वाईट नाही. फक्त त्याला शिक्षण म्हणताना जरा हात आखडता घ्यावा. नुसत्या सभा-भाषणांनी डॉक्टरांच्या कामात काय फरक पडतो, याचे ८१ अभ्यास कॉक्रेन या संस्थेने २००९ साली एकत्र तपासले. जे करायला हवं ते करण्यात सुधारणा निघाली साधारण ६ टक्के. शून्य नाही, पण एवढ्या गुलाबजामांच्या मानाने कमीच.

कंपन्यांच्या पैशाबद्दल. तुमचा संशय हवेतला नाही. असं चालायचं, आणि उघडपणे चालायचं. डिसेंबर २००९ मध्ये त्याच आचारसंहितेत कलम घातलं गेलं, की डॉक्टरने कंपनीकडून भेटवस्तू, प्रवासखर्च, पाहुणचार घेऊ नये. तो नियम डॉक्टरांसाठी होता. देणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची नवी संहिता मार्च २०२४ मध्ये आली. तिच्यानुसार प्रवासाची सोय फक्त भाषण द्यायला येणाऱ्याची करता येते आणि असे कार्यक्रम परदेशात भरवायला मनाई आहे. नियम सगळे पाळतात का, हे मी तुम्हाला लिहून देणार नाही. पण गावातला साधा सर्जन बहुधा स्वतःची फी भरून, चार दिवसांची ओपीडी बुडवून जातो, एवढं मी माझ्या पासबुकावरून सांगू शकतो.

आता तिसरा प्रश्न.

मी १९८० च्या दशकात शिकलो तेव्हा पित्ताशय काढायचं म्हणजे बरगडीखाली वीतभर छेद. हात आत, डोळे आत. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ साली हेच ऑपरेशन दुर्बिणीतून केलं. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ते १९९० साली केलं, आणि बघता बघता पेशंटच विचारायला लागले, ‘डॉक्टर, भोकाचं करता का?’ आमच्याकडे एम. एस. ची पदवी होती, हजारभर पोटं उघडलेली होती, आणि या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे जुनंच काम लहान छेदातून, असं बाहेरून वाटतं. तसं ते नाही. हत्यार पोटाच्या भिंतीतल्या भोकावर टेकलेलं असतं, त्यामुळे ते वल्ह्यासारखं वागतं : मूठ उजवीकडे नेली की टोक डावीकडे जातं. डोळे हाताकडे नसतात, समोरच्या पडद्यावर असतात. पडदा सपाट, खोली कळत नाही. बोटांना मऊ-कठीण जवळपास समजत नाही. वीस वर्षं उजव्या हाताने लिहिणाऱ्याला आरशात बघून डाव्या हाताने सही करायला सांगावं, तशी गत.

त्याची किंमत कोणी मोजली? अमेरिकेतल्या सदर्न सर्जन्स क्लब नावाच्या गटाने १९९१ साली १,५१८ ऑपरेशनांचा हिशेब मांडला. सर्जनांच्या प्रत्येक गटाच्या पहिल्या १३ पेशंटांमध्ये पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण २.२ टक्के होतं. त्यानंतरच्या पेशंटांमध्ये ते ०.१ टक्क्यावर आलं. सर्जन तेच, हत्यारं तीच. मधे फक्त तेरा ऑपरेशनं झाली.

ही इजा होते कशी, तेही बघा, कारण वडिलांच्या पोटात हीच जागा आहे. पित्ताशयातून एक बारीक नळी निघते आणि यकृताकडून आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला मिळते. बारीक नळी कापायची, मुख्य नळीला हात लावायचा नाही. पण पित्ताशय जोरात ओढलं की दोन्ही एका रेषेत येतात आणि पडद्यावर मुख्य नळीच बारीक नळीसारखी दिसू लागते. सर्जन समजून-उमजून, शांतपणे, चुकीच्या नळीला क्लिप लावतो. १९९५ साली स्ट्रासबर्ग या अमेरिकन सर्जनने एक शिस्त मांडली : तिथली चरबी पूर्ण साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी दिसेपर्यंत काहीही कापू नका. एक नळी, एक रक्तवाहिनी. आज बहुतेक कोर्समध्ये हे घोटून घेतात. मला ते कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं, कारण मी शिकलो तेव्हा ते लिहिलंच गेलं नव्हतं. वीस वर्षं ऑपरेशन करणारा सर्जन काय शिकतो, याचं उत्तर हे.

आणि ही शिकण्याची जागा भाषणाचा हॉल नसते. कोर्स वेगळे. अशा एका कोर्सची सकाळ सांगतो. मेडिकल कॉलेजातली एक लांबट खोली, स्टीलचे ट्रे, ट्रेमध्ये बोकडाचं धुतलेलं आतडं. आयोजकांनी खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं. वास असतो, दहा मिनिटांनी जाणवत नाही. टेबलापाशी पन्नाशीचे, चष्मा कपाळावर सरकवलेले सर्जन, स्वतःच्या गावात ज्यांना कोणी ‘असं नको, तसं करा’ म्हणू शकत नाही असे. काम एकच : आतड्याची कापलेली दोन टोकं टाक्यांनी जोडायची. झाल्यावर माझ्या निम्म्या वयाची शिक्षिका आली, पिचकारीने आत निळं पाणी भरलं आणि जोड हलकेच दाबला. माझ्या सहाव्या आणि सातव्या टाक्याच्या मधून निळा थेंब आला. ती काही बोलली नाही, चिमट्याने जागा दाखवली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. त्या थेंबाने मला जेवढं शिकवलं तेवढं दहा ॲसिकॉननी नाही. दुर्बिणीसाठी असाच डबा असतो : आत कॅमेरा, वरून दोन भोकं, आणि छोटे छल्ले एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर, एका हातातून दुसऱ्या हातात देत न्यायचे. पोरांचा खेळ वाटतो. पहिल्या दिवशी घाम फुटतो.

ही पद्धत नवी नाही. हाडांच्या सर्जनांसाठी स्वित्झर्लंडमध्ये दावोसला डिसेंबर १९६० मध्ये एओ नावाच्या गटाने पहिला कोर्स घेतला. पट्ट्या आणि स्क्रू तिथे प्रत्यक्ष हाडांवर बसवून शिकवले. अपघाताच्या पेशंटांसाठीच्या कोर्सचा जन्म तर एका घरावरच्या संकटातून झाला. जेम्स स्टायनर हा अमेरिकन हाडांचा सर्जन फेब्रुवारी १९७६ मध्ये स्वतःचं छोटं विमान उडवत असताना नेब्रास्कातल्या शेतात कोसळला. पत्नी जागीच गेली, चारपैकी तीन मुलं गंभीर जखमी. ते ज्या लहान गावच्या दवाखान्यात पोचले, तिथले उपचार बघून तो हादरला. कोणी वाईट नव्हतं तिथे. आधी काय बघायचं आणि मग काय, हा क्रमच कोणाला शिकवलेला नव्हता. दोन वर्षांत, १९७८ साली, त्याच राज्यातल्या ऑबर्न गावात त्या क्रमाचा पहिला कोर्स झाला : आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्तस्राव. तोच एटीएलएस, भारतात तो २००९ साली दिल्लीच्या एम्समधून सुरू झाला. त्याचं प्रमाणपत्र चार वर्षांनी संपतं, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. मला हे फार आवडतं. शिकलेलं विरतं, हे तिथे गृहीतच धरलंय.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही : ‘लाइव्ह सर्जरी’. पाहुणा सर्जन, अनोळखी थिएटर, अनोळखी मदतनीस, शेकडो प्रेक्षक, आणि टेबलावर तुमच्या-माझ्यासारखा माणूस. गर्दी खेचायला याच्यासारखं दुसरं काही नाही. त्याविरुद्ध २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिकाही गेली. ऑपरेशनच दाखवायचं तर रेकॉर्ड केलेलं दाखवा, आणि जिथे हात चुकला तो भाग कापू नका.

व्हिडिओवरून आठवलं. मिशिगनमधल्या २० सर्जनांनी पोटाच्या एका ऑपरेशनचा स्वतःचा एकेक व्हिडिओ दिला, आणि नाव न कळता इतर सर्जनांनी त्याला गुण दिले. २०१३ साली निकाल छापून आला : सगळ्यात कमी गुणवाल्या गटाच्या १४.५ टक्के पेशंटांना गुंतागुंत झाली होती, सगळ्यात वरच्या गटाच्या ५.२ टक्के. हे सगळेच पदवीधर, अनुभवी. आणि आपले अतुल गावंडे. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे, स्वतः बॉस्टनला नावाजलेले सर्जन. त्यांनी निवृत्त झालेल्या आपल्या जुन्या शिक्षकाला थिएटरात कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघायला सांगितलं. ऑपरेशन छान झालं. शिक्षकाने वही काढली : तुझा कोपर मधूनमधून खांद्याइतका वर जातो, आणि अर्धा तास दिव्याचा झोत जखमेवर नव्हताच, तुला कळलंसुद्धा नाही. २०११ साली त्यांनी हे स्वतःच लिहून जगाला सांगितलं. ते वाचून मीही माझा व्हिडिओ पाहिला. रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज ऐकावा तसं झालं. पोटातला एकच पडदा मी तीनदा धरून तीनदा सोडत होतो, दर वेळी.

तर पहिला प्रयोग तुमच्यावर होणार का? पहिला पेशंट कोणीतरी असतोच, तो टळत नाही. त्याच्या आधी डब्यावर आणि बोकडाच्या आतड्यावर किती तास गेले, आणि पहिल्या काही वेळा जाणता माणूस शेजारी उभा होता का, एवढंच पाहायचं. माझ्या पहिल्या दहा दुर्बिणीच्या ऑपरेशनांना शहरातून एक सीनिअर येऊन उभे राहिले. त्यांनी दोनदा माझ्या हातातून हत्यार काढून घेतलं. पेशंटना हे मी तेव्हा सांगितलं नव्हतं. आज सांगितलं असतं.

सर परत आले की सरळ विचारा : हे ऑपरेशन तुम्ही आजवर किती केलीत, आणि नळी नीट दिसली नाही तर पोट उघडता ना? दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा सर्जन चांगला. तुमच्या सरांना वीस वर्षं झालीत, पित्ताशय त्यांच्यासाठी नवीन नसणार. राहिले चार दिवस. वडिलांना ताप, थंडी, कावीळ किंवा न थांबणारी पोटदुखी नसेल तर चार दिवसांनी काही बिघडत नाही. यातलं काहीही झालं तर सरांची वाट बघू नका, रात्र असली तरी सोलापूरला न्या. आणि बहीण आलीच आहे, तर तिला भजी करू देऊ नका.