ग्रामपंचायतीची फायबर पाड्यापर्यंत, हवेतून

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या तुमच्या ग्रामपंचायतीत भारतनेटची फायबर चालू असेल आणि पाडा ओढ्यापलीकडे तीन-चार किलोमीटरवर असेल, तर खोदाईच्या आणि वनखात्याच्या परवानगीच्या मागे लागू नका. ते अंतर रेडिओने जोडता येतं.

आधी पंचायतीतल्या फायबरच्या डब्याला लॅपटॉप थेट लावून वेग बघा. वीज गेल्यावर डबा किती वेळ तग धरतो, तेही बघा. मुळातच पाणी नसेल तर पाट काढून उपयोग नाही.

मग पाहणी. ती पावसाळ्यातच करा. एप्रिलमध्ये साग निष्पर्ण असतो, पलीकडचं छप्पर स्वच्छ दिसतं आणि माणूस फसतो. जूननंतर त्याच सागाची रुंद, ओली पानं सिग्नल अडवतात. 5.8 गिगाहर्ट्झवर पाऊस स्वतः फारसा नडत नाही, झाडं नडतात. नुसतं समोर दिसणंही पुरत नाही. चार किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर त्या सरळ रेषेभोवती निदान साडेचार मीटर मोकळं हवं. खांबाची उंची त्यावरून ठरवा.

दोन्ही टोकांना 23 डीबीआयच्या डिश लावा. या 5.8 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवाना लागत नाही, पण डिश धरून एकूण 36 डीबीएमची मर्यादा आहे, म्हणून रेडिओची शक्ती 13 डीबीएमवर ठेवा. गणिताने पलीकडे सिग्नलचा आकडा उणे 61 डीबीएमच्या आसपास यायला हवा. डिश आधी आडवी, मग उभी, अगदी सावकाश फिरवा. उणे 80च्या पुढे जातच नसेल, तर बहुधा डिशचा मुख्य झोत चुकून बाजूचा झोत पकडलाय. बोल्ट आवळताना आकड्यावर नजर ठेवा, आवळतानाच डिश हलते.

खरी मेख पाड्यावर, तिथल्या खांबावरून घरोघर जोडणी देण्यात आहे. तारेच्या ब्रॉडबँडमधली पीपीपीओईची पद्धत, म्हणजे घरागणिक वेगळं लॉगिन आणि वेगमर्यादा, इथे जशीच्या तशी चालते. हवा मात्र सगळ्यांची एकच. घरांवरचे रेडिओ खांबाकडे तोंड करून असतात, एकमेकांना ऐकू शकत नाहीत, आणि एकदम बोलले की सगळंच अडतं. म्हणून साध्या वायफायऐवजी टीडीएमए चालू करा, म्हणजे खांबच प्रत्येक घराला पाळी देतो. आयआयटी मुंबईच्या सहभागाने आखलेल्या वायफायआरई या ग्रामीण रचनेतही हेच तत्त्व होतं.

खांबाला अर्थिंग आणि केबलला सर्ज प्रोटेक्टर लावल्याशिवाय वीज जोडू नका. मालशेजकडच्या विजा एका रात्रीत सगळे रेडिओ जाळू शकतात.

पाड्यावर सार्वजनिक वायफाय विकायचं असेल, तर डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत पीडीओ, म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस, व्हा. त्याला परवाना लागत नाही.